माहेरचा पाला, सासरचे दाणे: काओलाकमधले पाच दिवस

पहिला दिवस: डकार

माझं माहेर मालवणचं आणि सासर बार्शीचं. माहेरी गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी व्हायचीच, ओल्या खोबऱ्याची, आंबोळीबरोबर. सासरी आले तेव्हा कळलं की दाण्याच्या कुटाशिवाय कुठलीच भाजी पुरी होत नाही आणि बाजरीच्या भाकरीशिवाय हिवाळा सरत नाही. ही दोन स्वयंपाकघरं मी पस्तीस वर्षं वेगवेगळ्या कप्प्यांत सांभाळली. मग दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी सेनेगलला गेलेला माझा भाचा एकदा फोनवर म्हणाला, "मावशी, इथे शेवग्याचा पाला दाण्याच्या कुटात शिजवतात, त्यात सुकी मासळी घालतात आणि बाजरीबरोबर खातात. तू एकदा येच." त्या एका वाक्यावर मी तिकीट काढलं.

मुंबईहून अदिस अबाबामार्गे डकार. विमानतळ शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. घड्याळ साडेपाच तास मागे केलं, अंघोळ केली आणि भाच्याला म्हटलं, आधी बाजारात चल.

तिलेन बाजारात भाजीच्या गल्लीत शिरले आणि पावला-पावलाला थांबत गेले. लाल अंबाडीचे ढीग होते. तिला इथे बिसाप म्हणतात, पाला शिजवतात आणि लाल बोंडांचं सरबत करतात. चिंच होती. वोलोफ भाषेत तिला दाखार म्हणतात, आणि डकार हे शहराचं नाव त्यावरूनच आलं असं काही जण सांगतात. तांदळाच्या दुकानात पोत्यांवर 'भारत' छापलेलं होतं, कारण इथे रोजच्या जेवणात लागणारी कणी बरीचशी आपल्याकडून येते. आणि मग सुक्या मासळीची ओळ आली. मीठ लावून, आंबवून, उन्हात वाळवलेला मासा म्हणजे गेज. मोठ्या समुद्री गोगलगायीचं मांस आंबवून वाळवलेलं, त्याचं नाव 'येत'. भाच्याने नाकाला रुमाल लावला. मी मात्र तिथे उभीच राहिले. तो वास मालवणच्या आमच्या मागल्या पडवीचा होता, पावसाळ्याआधी आजी सुका बांगडा डब्यात भरायची तेव्हाचा.

शेवग्याच्या पाल्याला वोलोफमध्ये नेबेदाय म्हणतात. शेवग्याचं मूळ घर हिमालयाच्या पायथ्याचं. तिथून निघालेलं झाड इथे कुंपणाकुंपणाला उभं आहे, आणि जुड्या विकणाऱ्या बाईला ते बाहेरचं आहे असं सांगितलं असतं तर तिला खरं वाटलं नसतं. मलाही शेंगदाणा बाहेरचा आहे हे कधी खरं वाटलं नव्हतं.

दुसरा दिवस: काओलाकच्या रस्त्यावर

भाच्याचा एक सहकारी काओलाकचा. त्याच्याच घरी आम्ही चार दिवस राहणार होतो. डकारपासून अंतर एकशे नव्वदेक किलोमीटर. म्बूरपर्यंत हमरस्ता, पुढे फातिकवरून.

म्बूरच्या अलीकडे गोरखचिंचेची झाडं लागली. वसईच्या किल्ल्यात एखाददुसरं झाड पाहिलेलं, इथे मैलोनमैल माळच त्यांचा. बुंधे एवढे जाड की चार जणांनी हात धरले तरी कवेत यायचे नाहीत. फातिकच्या पुढे जमीन पांढरी व्हायला लागली. सालूम नदीचं खारं पाणी आत शिरून सुकतं, आणि त्या खारवटात मिठाचे ढीग घातलेले असतात.

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता. पाऊस इथे जून ते ऑक्टोबर, म्हणजे आपल्यासारखाच, आणि भुईमूग नुकताच काढून झालेला. शेतात वेलांच्या गंजी होत्या. वाळलेला पाला घोड्याच्या गाड्यांवर लादून चाललेला, गुरांच्या चाऱ्यासाठी. बार्शीला हे काम बैलांचं, इथे घोडा. पेरणीही घोड्याच्या पाभरीनेच होते.

शेतांत मधूनमधून एक काटेरी झाड दिसत होतं. गावकरी त्याला काद म्हणतात. आता पावसाळा संपल्यावर ते हिरवंगार होतं. उलट पावसात त्याची पानं गळून जातात, त्यामुळे पिकावर सावली पडत नाही, आणि गळलेल्या पानांनी जमीन सुपीक होते. म्हणून नांगरताना कुणी ते तोडत नाही. सासऱ्यांना हे झाड बघायला मिळायला हवं होतं. बांधावरच्या लिंबाची सावली पिकावर पडते म्हणून शेजाऱ्याशी त्यांचा आयुष्यभर वाद चालला.

काओलाक हे सेनेगलच्या भुईमुगाच्या पट्ट्याचं मुख्य शहर. खरेदी केंद्रावर शेंगांचे दोन मजली उंचीचे ढीग उघड्यावर घातलेले, आणि माणसं डोक्यावर पोती घेऊन त्या ढिगावर चढत होती. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात या किनाऱ्यावर आणला. मातीखाली शेंग धरणारं पीक इथल्या लोकांना नवखं नव्हतं, बाम्बारा शेंगा ते आधीपासून पिकवत होते, त्यामुळे हा पाहुणा लवकर रुजला. १८४० च्या दशकात फ्रेंच व्यापाऱ्यांनी तेल आणि साबणासाठी शेंगा मागायला सुरुवात केली. मग १८८५ साली डकार ते सें-लुई रेल्वे झाली, ती मुख्यतः शेंगा बंदरावर नेण्यासाठीच. ही रेल्वे आपलं राज्य गिळणार हे कायोरचा राजा लात ज्योर याने ओळखलं होतं. तो लढला आणि १८८६ मध्ये रणात पडला. पुढे धान्याची शेतं शेंगांखाली गेली आणि पोटासाठी फ्रेंचांनी इंडोचायनातून तांदळाची कणी आणली. म्हणून आजही सेनेगलमध्ये दुपारचं जेवण भाताचं असतं. बाजरी उरली ती बहुतेक रात्रीच्या जेवणाला.

हे सगळं त्या सहकाऱ्याने ढिगासमोर उभं राहून सांगितलं. त्याचे आजोबा याच केंद्रावर शेंगा घालायचे.

घरी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. त्याची आई दारात उभी होती. सगळे तिला याय म्हणतात. याय म्हणजे आई. मीही तेच म्हणू लागले. वयाने त्या माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या असाव्यात.

तिसरा दिवस: मुसळ आणि पाला

सकाळी जाग आली ती आवाजाने. अंगणात दोन सुना एकाच उखळात आळीपाळीने मुसळ मारत होत्या. उखळ म्हणजे गेन्न, मुसळ म्हणजे कूर. मुसळ वर गेलं की एक जण ते क्षणभर सोडायची, टाळी वाजवायची आणि खाली येताना पुन्हा पकडायची. ताल एकदाही चुकला नाही.

उखळात बाजरी होती. इथे तिला दुगुब म्हणतात. बाजरी मूळची याच पश्चिम आफ्रिकेची. मालीमध्ये सापडलेल्या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या खापरांवर तिचे ठसे आहेत, आणि भारतात ती तिथूनच आली. बार्शीच्या आमच्या शेतातलं दरवर्षीचं कणीस मला आठवलं आणि मी मूठभर दाणे ओंजळीत घेऊन पाहिले. आपल्यापेक्षा किंचित फिके, पण बाजरीच.

आधी कांडून कोंडा काढतात, सुपात पाखडतात, धुतात, थोडं सुकवतात आणि मग गावातल्या गिरणीत दळून आणतात. पीठ हाताला ओलसर लागतं. मग खरं काम सुरू होतं. यायनी मोठ्या भोपळ्याच्या परातीत पीठ पसरलं, पाण्याचा शिपका मारला आणि बोटं पसरून तळहाताने गोल गोल फिरवायला लागल्या. पिठाचे मोहरीएवढे दाणे होत गेले. चाळले, जाडे राहिले ते पुन्हा मोडले, बारीक राहिलं त्यावर पुन्हा शिपका. याला चेरे म्हणतात. मी हात घातला तर माझे गोळे व्हायचे. आम्ही मळणारे, आमचा हात दाबतो. यायनी माझं मनगट धरलं आणि जरा वर उचललं. तेवढ्याने जमलं.

चेरे वाफवायचं भांडं म्हणजे बुडाला भोकं असलेलं पातेलं, खालच्या पाण्याच्या भांड्यावर बसवलेलं, मोदकपात्रासारखं. दोन्हींच्या सांध्यातून वाफ जाऊ नये म्हणून कणकेची वळी लावतात. पहिली वाफ आली की काढून मोकळं करायचं, त्यात लालो चोळायचं आणि परत वाफवायचं. लालो म्हणजे गोरखचिंचेच्या वाळलेल्या पानांची हिरवी पूड. तिने चेरे बुळबुळीत न होता मऊ राहतं आणि घशाखाली सहज उतरतं. कोरड्या बाजरीला तूप किंवा ताक का लागतं हे आम्हाला ठाऊक आहे, इथे ते काम एका झाडाचं पान करतं.

संध्याकाळी पाल्यासाठी शेजारणीकडे गेलो. तिच्या अंगणातला शेवगा खालपासून छाटत ठेवलेला, हाताला फांदी मिळेल एवढाच उंच. शेंगांसाठी झाड वाढवायचं की पाल्यासाठी छाटायचं, हा निर्णय यांनी केव्हाच पाल्याच्या बाजूने घेतला आहे. आमच्याकडे शेंग म्हणजे शेवगा. पाला फक्त अष्टमीचा.

माझी आई फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवायची. सकाळी फडकं झटकलं की पानं आपोआप गळून पडायची. मी ते सांगितलं. यायनी ऐकून घेतलं आणि हसत मान हलवली. त्यांच्याकडे त्यासाठी हात पुष्कळ होते. पाच बायका आणि तीन मुली चटईवर बसलो, आणि दिवा लागायच्या आत चार मोठी घमेली पाला खुडून झाला. गप्पा वोलोफमध्ये चालल्या होत्या, मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण कुणाची सून माहेरी गेली आहे याबद्दल ते बोलणं होतं हे मी शपथेवर सांगेन.

चौथा दिवस: म्बूम

आज ज्यासाठी आले ते. पदार्थाचं नाव म्बूम.

सकाळी नऊला यायनी शेंगदाणे सुपात घेतले. एकेक दाणा बघून सुकलेला, काळपट, बुरशीचा बाजूला. हे काम त्या सुनांना देत नाहीत. एक खवट दाणा पूर्ण हंडी बिघडवतो, आणि बुरशीचा दाणा पोटात जाणं वाईटच. निवडून झाल्यावर मी सवयीने तवा शोधायला लागले, दाणे भाजायला. यायनी भाच्याकडून विचारलं, काय हवंय? मी भाजण्याची खूण केली तशा त्या दोन्ही हातांनी नको नको म्हणाल्या. भाजून वाटलेल्या दाण्यांचा लगदा वेगळा, तो माफेसाठी, मांसाच्या लाल रश्शासाठी. म्बूमला कच्चेच दाणे हवेत, सालं काढून कांडलेले. भाजलेला दाणा पाल्याच्या चवीवर चढून बसतो, कच्चा दाणा तिच्यात विरघळतो. पस्तीस वर्षं मी कूट म्हणजे भाजलेल्या दाण्याचाच असं धरून चालले होते.

पाला तीन पाण्यांतून काढला, मोठ्या भांड्यात मिठाच्या पाण्यात टाकला आणि अर्धा तास चांगला उकळू दिला. नंतर चाळणीवर उपसून, थोडा निवाला की मुठीत घेऊन घट्ट पिळला. पिळलेलं पाणी गडद आणि कडवट. चार घमेल्यांचे एवढेसे गोळे उरले. मग तेही उखळात घालून चारदोन घाव घातले, अगदी चटणी नव्हे, फक्त तंतू मोडतील एवढे.

दुसऱ्या हंडीत पाणी, कांदा, दोन टोमॅटो, धुतलेला गेज आणि येतचा एक तुकडा. पाण्याला उकळी आली की दाण्याचं कूट एका हाताने भुरभुरायचं आणि दुसऱ्या हाताने ढवळायचं. इथे लक्ष हवं. कच्चं कूट दुधासारखं फेसाळून वर येतं आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत उतू जातं. यायनी पळी आडवी धरून फेस मोडला, निखारे बाजूला ओढले आणि मग तासभर नुसतं रटरटू दिलं. मध्येच पळी उलटी करून दाखवली. कुटाचा कच्चा वास जाऊन रस पळीला चिकटायला लागला, की पुढची पायरी.

वाटण म्हणजे नोकोस. लसूण, मिरी, सुकी मिरची आणि नेतेतू. नेतेतू एका झाडाच्या बिया उकडून आंबवून करतात. काळे गोळे असतात, वास उग्र, पण रसात गेले की चव खोल होते. ते घातलं, शिजवलेली चवळी घातली आणि मग पाला. वर एक पिवळी कानी, म्हणजे त्यांची गोल तिखट मिरची, अखंड ठेवली. ती फुटू द्यायची नाही. तिचा सुगंध हंडीला, आणि तिखट ज्याला हवं त्यालाच. शेवटी काटे काढलेला धुरी दिलेला मासा आणि पळीभर लाल पाम तेल. झाकण ठेवून मंद निखाऱ्यावर आणखी पाऊण तास.

त्या पाऊण तासात कुणीही झाकण उघडलं नाही. मी उघडलं असतं. आमच्याकडे पालेभाजीवर झाकण ठेवलं की रंग जातो म्हणून सासूबाई ओरडायच्या. इथे रंगाची पर्वा कुणी करत नाही. उघडलं तेव्हा भाजी काळपट हिरवी झाली होती, कडेने तेलाचा तवंग सुटलेला, आणि खारा मासा, पाला आणि दाणे यांचे तीन वास वेगळे ओळखू येत नव्हते.

मोठ्या थाळ्यात चेरे पसरलं, मधोमध म्बूम ओतलं. चटईवर आम्ही आठ जण थाळ्याभोवती बसलो. प्रत्येकाने आपल्या समोरचंच खायचं, दुसऱ्याच्या भागात हात घालायचा नाही. पण याय स्वतःच्या बाजूचे माशाचे तुकडे मोडून माझ्याकडे सरकवत राहिल्या. "लेक्कल," म्हणायच्या. खा. पहिला घास घेतला आणि मला बोलता येईना. बाजरीची ती ओळखीची किंचित कडसर चव, वर पाल्याचा मऊपणा, दाण्याचा स्निग्धपणा आणि मागून सुक्या मासळीचा खारेपणा. आई आणि सासूबाई एका स्वयंपाकघरात कधी दोन दिवसांवर टिकल्या नाहीत. दोघीही आता नाहीत. त्या थाळ्यात दोघींच्या हातचं होतं.

डोळ्यांत पाणी आलं ते यायना दिसलं. त्यांनी कानीचा तुकडा माझ्या समोरून उचलून बाजूला ठेवला. तिखट लागलं असं त्यांना वाटलं असावं. मी भाच्याला सांगितलं, मिरचीने नाही रे, यायना खरं कारण सांग. तो बराच वेळ सांगत होता. यायनी ऐकलं, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो जेवण होईपर्यंत काढला नाही.

नंतर अताया. हिरवा चहा, पुदिना, साखर, लहान पेल्यांतून तीन फेऱ्या. पहिली कडू, तिसरी गोड. रात्री अकरा वाजले.

पाचवा दिवस: भाकरी

संध्याकाळी डकारला परतायचं होतं. सकाळी मी म्हटलं, आज मी करते.

कालचं म्बूम उरलेलं होतं आणि ते आज जास्त चांगलं लागतं असं सुना म्हणाल्या. मग मी फक्त दोन गोष्टी करायच्या ठरवल्या. पहिली चटणी. दाणे यावेळी भाजले, यायच्या देखरेखीखाली. लसूण, सुकी मिरची, मीठ घालून त्यांच्याच उखळात कांडली. सोलापूरकडची शेंगाचटणी तेल सुटेपर्यंत कांडावी लागते. त्यांच्या मुसळाचं वजन माझ्या खांद्याला झेपेना, तेव्हा धाकट्या सुनेने मुसळ माझ्या हातून घेतलं. पाच मिनिटांत चटणीला तेल सुटलं. घरी खलबत्त्यात मला अर्धा तास लागतो.

भाकरीचं मात्र अवघड गेलं. त्यांच्या पिठात कोंडा नाही आणि ते ओलसर, त्यामुळे गरम पाण्यात मळूनही चिकटपणा येईना. पहिली थापताना कडेने फाटली, दुसरी तव्यावर टाकताना मधोमध मोडली. मग थोड्या पिठाची आधी उकड काढली आणि तीत बाकीचं पीठ मळलं. तिसरी टिकली. कोळशाच्या शेगडीवर धरली तशी फुगलीसुद्धा. लहान नातू ओरडत घरात पळाला आणि सगळ्यांना बोलावून आणलं.

एकूण अकरा भाकरी झाल्या. यायनी पहिली हातात घेऊन उलटसुलट पाहिली, वास घेतला, तुकडा मोडला. आधी चटणी खाल्ली आणि मान डोलावली. मग उठून कालच्या म्बूमची हंडी आणली, भाकरीवर पळीभर घातलं आणि घास घेतला. "नेख ना," म्हणाल्या. चवदार आहे. मी त्यांच्या शेजारी बसून तसंच खाल्लं. बाजरीची भाकरी, शेवग्याचा पाला, दाणे, खारा. बार्शीत असं कुणी वाढलं नसतं, मालवणातही नाही.

थाळीत शेवटची एक उरली होती. मोठ्या सुनेने हात पुढे केला तसा यायनी तो अडवला. भाकरी स्वच्छ फडक्यात गुंडाळली, वर चटणीची एक चिमूट ठेवली, आणि नातवाच्या हाती देऊन त्याला शेजारच्या अंगणाकडे पिटाळलं. पाला तिच्या झाडाचा होता.